डाव्या हाताचा कप

शाळेचं वर्ष संपत आलं की कपवाल्या काकांची बोटं पोळायला सुरुवात व्हायची.

त्यांचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे एका दाराएवढी जागा. पुढे काउंटर, त्यावर जुना कॉम्प्युटर, मागे कप तापवायचं मशीन, आणि भिंतीला लागून छतापर्यंत पांढऱ्या कपांची खोकी. मजकूर कागदावर उलटा छापायचा, कागद कपाभोवती टेपने घट्ट गुंडाळायचा, मशीनमध्ये दाबायचा, आणि शिट्टी वाजली की गरम असतानाच सोलून काढायचा. हातमोजे होते, पण मोजे घातले की टेपचं टोक सापडत नाही, म्हणून काका ते खुंटीला अडकवून ठेवत आणि घरी गेल्यावर बायकोची बोलणी खात. एरवी वाढदिवसांवर आणि स्पर्धांच्या ढालींवर दुकान चालायचं. शेवटच्या आठवड्यात मात्र सगळ्या आईबापांना एकदम शिक्षक आठवायचे.

काही खरंच मनापासून यायचे. काही आवळा देऊन कोहळा काढायला यायचे, ते लगेच ओळखू यायचे, कारण त्यांना सगळ्यात मोठी फ्रेम हवी असायची. आणि काहींना काहीच माहीत नसायचं. एक वडील कानाला फोन लावून आत आले नि म्हणाले, "वर्गशिक्षकांसाठी काहीतरी चांगलं द्या."

"सर आहेत की बाई?"

वडिलांनी फोनवर विचारलं. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं. मग पडेल चेहऱ्याने म्हणाले, "बाई आहेत."

"काका, शिक्षकांना आवडतं तरी काय हो?" हा प्रश्न तर दिवसभर. तो काकांनाच विचारायचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची बायको त्याच शाळेत गणित शिकवायची. जेवताना ती शाळेतलं सांगायची आणि काकांच्या ते ध्यानात राहायचं. चित्रकलेच्या सरांना गुलाबी रंग डोळ्यांसमोर नको असतो. खेळाच्या सरांनी चहा सोडलाय, त्यांना पाण्याची बाटली द्या. पहिलीच्या बाईंना कप अजिबात नको, त्यांच्याकडे अर्धी गल्ली चहाला बोलावली तरी कप उरतील, त्यांना कापडी पिशवी द्या. लोक मान डोलवायचे, काका छापायचे. "माझ्या लाडक्या बाईंना", "आमच्या प्रिय सरांना", खाली फूल नाहीतर पेन. इतक्या वर्षांत त्या फुलाचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता.

आणि इतक्या वर्षांत गणिताच्या बाईंसाठी कुणी साधी किल्लीची साखळीसुद्धा छापून घेतली नव्हती.

पहिल्या वर्षी काकांना वाटलं, राहून गेलं असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि गणिताच्या बाईंना काय घेताय?" त्या आईने ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं केलं. "बघू," म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. काका काय समजायचं ते समजले. गणित शिकवणारी बाई, त्यातून कडक. कोणत्या पोराला आवडणार? त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही. पण दरवर्षी शेवटच्या दिवशी बायको घरी यायची ती पर्स आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन, बाकी हात रिकामे. चपला काढायची, तोंडावर पाणी मारायची आणि दुकानात येऊन काकांच्या शेजारी उरलेल्या ऑर्डरींची खोकी दुमडत बसायची. सगळ्या शाळेच्या बाईंचे नि सरांचे कप ती आपल्या हाताने खोक्यात भरायची. काकांना त्या वेळी तिच्याकडे बघवायचं नाही. एखादी गोष्ट बोलायचीच नाही असं एकदा ठरलं की ती वर्षानुवर्षं बोलायची राहते.

यंदा बाईंचं शाळेतलं शेवटचं वर्ष. निवृत्तीची ढाल शाळेने काकांकडेच छापायला टाकली होती. 'प्रदीर्घ सेवेबद्दल' असा मजकूर मुख्याध्यापकांच्या कार्यालयातून आला होता आणि बायकोच्या निरोपाची ढाल नवऱ्यानेच घासूनपुसून पाठवली. पण ती ढाल शाळेची. पोराने दिलेली एक वस्तू नाही. काका आठवडाभर तोच विचार करत होते. या बाईने इतकी वर्षं पोरांची डोकी ठिकाणावर आणली, आणि ती शेवटच्या दिवशीही हात हलवत घरी येणार. त्यांना ते सहन होईना. कंबर दुखत होती, डोळे चुरचुरत होते, काउंटरवर ऑर्डरींचा ढीग होता, तरी शेवटच्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर करून त्यांनी आधी एक कप काढला.

काकांची एक पद्धत होती. बाकीचे दुकानवाले मजकूर कपाच्या कुठल्याही बाजूला छापतात. काका म्हणायचे, कप पिणाऱ्याचा असतो, समोर बसलेल्याचा नाही. उजव्या हातात कप धरला की मजकूर पिणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर आला पाहिजे, त्या बेताने ते कागद लावत. हा कप गुंडाळताना त्यांनी कागद दुसऱ्या बाजूला सरकवला. बायको डावखुरी होती. त्यात त्यांनी विचार असा काही केलाच नाही, हातच तसा गेला.

'आमच्या लाडक्या बाईंना, वर्गातली सगळी मुलं.' फूल घातलं नाही.

शाळेचे शिपाईमामा बक्षिसांच्या ढाली न्यायला आले तेव्हा काकांनी कप त्यांच्या हातात दिला. "आमच्या हिच्या टेबलावर ठेवा. कुणी ठेवला ते सांगू नका."

मामा हसले. "मी काही बघितलंच नाही."

दुपारी डोळे मिटायला लागले होते तेव्हा दवाखान्यात काम करणारी एक आई आपली फ्रेम न्यायला आली. तिच्या दोन मुली त्याच शाळेत. फ्रेम वर्गशिक्षकांसाठी होती. ती पाहून झाली तरी आई जागची हलेना.

"काका, यंदा विचारलं तर चालेल ना? तुमच्या बाई आता निवृत्त होणार. आता तरी त्या घेतील का हो?"

"काय घेतील का?"

"काहीही. दरवर्षी पहिल्याच मीटिंगला सांगतात ना सगळ्यांना. मला काही आणायचं नाही, एक फूलसुद्धा नाही, मुलांना वेळेवर पाठवा तेवढं पुरे. मागे कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, दुकान नवऱ्याचं आणि मार्क बायकोचे. तेव्हापासून." मग ती एकदम ओशाळली. "तुमच्यासमोर हे कसं बोलायचं, म्हणून कुणी बोलत नाही."

काकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मागे मशीनची शिट्टी वाजत राहिली.

"माझी धाकटी तर रोज रडते," आई सांगत होती. "म्हणते, बाईंना द्यायचंच. का, तर म्हणे बाकीचे वहीवर लाल फुल्या मारतात. बाई फुली मारत नाहीत, पेन्सिलीने नुसतं टिंब ठेवतात. चूक कुठंय ते आपणच शोधायचं, आणि सापडली की टिंब खोडायला बाई स्वतःचा खोडरबर देतात. तिच्या वहीत आता एकही चूक दिसत नाही. मोठी बाईंकडे होती तेव्हा तिचंही हेच. दोघींना समजावता समजावता नाकी नऊ आले."

ती गेल्या गेल्या काकांनी शिपाईमामांना फोन लावला. "तो कप परत आणा."

"अहो, तो तर घंटेच्या आधीच ठेवला! तुमचं काम आणि मी विसरेन होय?"

काका स्टुलावर बसले. जळका वास आला तेव्हा उठले. खेळाच्या सरांच्या बाटलीवरचा मजकूर तपकिरी झाला होता. ती बाटली त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. दोनदा कागद वाकडा लागला. चांगलं करायला गेलो आणि तिच्या इतक्या वर्षांच्या शब्दाला शेवटच्या दिवशी काळं फासलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी बाई थेट दुकानातच आल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात ढालीची पिशवी. नेहमीच्या स्टुलावर टेकल्या, पायांतल्या चपला सैल केल्या, पर्समधून कप काढला आणि काउंटरवर काकांच्या पुढ्यात ठेवला.

"परत करायला आणलाय. शिपाईमामा म्हणाले, कुणाचा ते माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे."

"कसं ओळखलंस?"

"डाव्या हाताने उचलला." त्यांनी कपाचा कान डाव्या हातात धरून दाखवला. अक्षरं त्यांच्याच तोंडासमोर आली. "या जगात माझ्यासाठी कपाची बाजू कोण बदलणार?"

काकांना हसू यायला हवं होतं, आलं नाही. "मला आज कळलं," ते म्हणाले. "तू नको म्हणून सांगतेस ते. माझ्या दुकानामुळे. मला का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुमची नोकरी सुटलेली, नुकती कुठे चार गिऱ्हाइकं यायला लागली होती. एका वडिलांनी कुणासाठी ते न सांगता इथूनच मोठी फ्रेम घेतली, ती मला आणून दिली आणि त्यांच्या पोरीला चांगले मार्क पडले. ते तिचेच होते. पण स्टाफरूममध्ये लोक बोलायचे ते बोललेच. मी फ्रेम त्यांच्या घरी नेऊन दिली, आणि त्या दिवसापासून सगळंच बंद केलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतं."

"केलंच असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर एक रिक्षा थांबली, निघून गेली. काका म्हणाले, "आणि मी मूर्ख. मला इतकी वर्षं वाटत होतं, तू पोरांना आवडत नाहीस."

बाई कपाकडे बघत होत्या. फार दमल्या होत्या त्या. आजच्या दिवसाने नव्हे, सगळ्याच वर्षांनी. "मलाही आता तसंच वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला माहीत होतं, मी नको म्हटलं म्हणून देत नाहीत. पण दरवर्षी सगळ्यांच्या टेबलांवर ढीग आणि माझं टेबल मोकळं. हळूहळू कळेनासं झालं, नको म्हटलं म्हणून देत नाहीत, की त्यांना द्यायचंच नव्हतं. आज सकाळी हा दिसला. आता निघायचंच आहे, एवढ्याने काय बिघडतं, असं मनात आलं. खरं सांगते, उचलेपर्यंत मला आनंद झाला होता हो."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांना दुपारची आई आठवली आणि ते घाईघाईने म्हणाले, "अगं, पण त्यांना द्यायचं असतं! आजच एक आई येऊन गेली. तिची धाकटी रोज रडते, बाईंना द्यायचंच म्हणून."

बाई कंटाळून हसल्या. "सकाळी कपावर लिहून पाठवलंत, आता तोंडाने सांगताय. राहू द्या. खोकी कुठंयत? दुमडायला घेऊ."

त्यांनी खोक्यांचा गठ्ठा पुढे ओढला. काकांना रागही आला आणि रडूही. आयुष्यात एकदाच खोटं छापलं आणि त्याने खऱ्याची वाट अडवली. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मग हळूच म्हणाले, "ती पोरगी म्हणते, बाई लाल फुली मारत नाहीत. पेन्सिलीने टिंब ठेवतात. आणि चूक सापडली की टिंब खोडायला स्वतःचा खोडरबर देतात."

बाईंचे हात खोक्यावर थांबले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईने."

"मी तुम्हाला हे कधीच बोलले नव्हते."

"नाहीच बोललीस. पोरींची आई बोलली. तिच्या थोरलीचंही तेच होतं म्हणे."

बाईंनी कप पुन्हा डाव्या हातात घेतला, रिकामाच.

"दोन वेण्या घालते ती, पहिल्या बाकावर बसते," त्या म्हणाल्या. "सातच्या पाढ्याला अडायची."