मुलीच्याच कॉलेजात

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली, त्या जूनमध्ये मी तिच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं. दुसरं कॉलेज शोधावं असं माझ्या मनातही आलं नाही. महाडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान, तिथून कॉलेज चालत जाण्यासारखं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, तिला आवडेल.

बारावी मी पोलादपूरला झाले. माहेर कापड्याचं, तिथून रोज एसटीने जायचे. निकालाच्या वर्षीच लग्न झालं. मग दुकान, मुलगी, सासूबाईंचं अंथरूण, यात वर्षं गेली. सासूबाई गेल्या आणि सकाळी घरात करायला काही उरेना. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कर की. तुला कोण अडवतंय." तो हे गमतीत बोलला होता, हे मला नंतर कळलं.

मधली वर्षं मी कुठे होते याचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. ते कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे करून घेतलं. तो म्हणाला, "मुलीचं नाव सांगा." मी माझं नाव सांगितलं. त्याने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि टाइप करायला लागला.

कॉलेजात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक मेंटॉर सर नेमून देत. विषय कोणते घ्यायचे, कुठे अडलं तर काय करायचं, हे त्यांना विचारायचं. माझे सर अर्थशास्त्र शिकवायचे; तरुण होते, घाटावरचे, नुकतेच लागलेले. टेबलासमोर मुलं दाटीवाटीने उभी होती. सरांनी मला खुर्ची दिली.

"मॅडम, मराठी तर तुम्ही घेताच आहात. सोबत काय?"

"इतिहास घेते. सोपा असतो म्हणतात."

"सोपा म्हणून घेऊ नका. शिकायला आलात ना? अर्थशास्त्र घ्या. अडलं तर माझ्याकडे या, मी त्यासाठीच आहे."

मला मॅडम म्हणणारे ते पहिलेच. मी अर्थशास्त्र घेतलं आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

मुलगी मोबाइलमध्ये होती. मी म्हटलं, "माझा प्रवेश झाला."

"कुठे?"

"तुझ्याच कॉलेजात."

तिने मोबाइल पालथा ठेवला. मग एवढंच म्हणाली, "तिथे मला हाक मारू नकोस." मला वाटलं, थट्टा करते आहे.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. हजेरी चालू होती. मुलं "येस मॅडम" म्हणत होती. माझं नाव आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. दचकले आणि तोंडातून जे कापड्याच्या शाळेत यायचं तेच आलं, "हाय." म्हणजे मी आहे, एवढंच. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हात हलवून ओरडलं, "हाय मॅडम, हॅलो मॅडम," आणि सगळा वर्ग हसत सुटला. बाईंनाही हसू आवरेना. त्यांनी हजेरीपट तोंडासमोर धरला.

त्या दिवसापासून जिन्यात, गेटपाशी, पाण्याच्या टाकीजवळ मुलं माझ्याकडे बघून हात हलवायची. "हाय काकू." सुरुवातीला मीही हसून हात हलवला. मला वाटलं, पोरं आहेत, चार दिवसांत कंटाळतील. कंटाळली नाहीत.

मग एकदा मी जिना उतरत होते आणि खाली मुलगी मैत्रिणींबरोबर उभी होती. एका मुलाने मला बघून तो हात केला. माणगावहून येणारी एक मैत्रीण, जिने आमचं घर पाहिलं नव्हतं, तिने मुलीला विचारलं, "ती बाई तुमच्या दुकानात दिसते ना? कोण गं?"

मुलगी म्हणाली, "कामाला आहे आमच्याकडे."

मी तीन-चार पायऱ्या वर होते. तिला माहीत होतं मी ऐकते आहे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मग मैत्रिणीचा हात धरून कँटीनकडे गेली. मी त्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला बसले. सर काय शिकवत होते ते आठवत नाही, पण बसले.

पुढच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. या वेळी टेबलासमोर दुसरं कोणी नव्हतं.

"बसा काकू," ते म्हणाले.

मागच्या वेळी मी मॅडम होते.

"मी काय म्हणतो, रोज येणं, परीक्षा, हजेरीची अट, याचा ताण येतो. तुम्ही बाहेरून का करत नाही? पोलादपूरला मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे. रविवारी वर्ग असतात."

"तुम्हीच म्हणालात, अडलं तर या. माझं काही अडलेलं नाही सर."

ते पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "तुमची मुलगी येऊन गेली. रडत होती. तुमच्या आजाराचं तिने सांगितलं."

"कसला आजार?"

"डोक्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणाली. तुम्ही विसरता, मध्येच भलतंच बोलता. वर्गातला तो प्रकारही त्यातूनच झाला म्हणाली. काकू, यात लाजण्यासारखं काही नाही."

माझ्या गोळ्या थायरॉइडच्या होत्या. मी तसं सांगितलंही. सर मान हलवत राहिले, पण ती मान वेड्या माणसाला हो म्हणण्याची होती. मी जितकं समजावायला गेले तितकी त्यांची नजर मऊ होत गेली.

रात्री सगळे जेवायला बसलो. मग नवऱ्यासमोरच विचारलं, "काय गो, सरांना मी वेडी हाय म्हणून सांगितलंस?"

"बघ," ती म्हणाली, "परत हाय."

नवरा हसला. घास तोंडात असताना हसला, त्याला ठसका लागला.

"तू राहिलीस तर मी कॉलेज सोडते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं नाव काय ठेवलंय माहितीये? हायची पोरगी. तुला आता शिकून काय करायचंय? माझं आयुष्य आहे ते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाणी पिऊन म्हणाला, "पोरगी बोलते त्यात चूक काय नाय. झाली हौस तुझी."

प्रवेश रद्द करायचा अर्ज मी सरांसमोर बसूनच लिहिला. कारण काय लिहू म्हणून विचारलं. "वैयक्तिक लिहा," ते म्हणाले. मला गेटपर्यंत सोडायलाही आले, जिना उतरताना माझ्या कोपराला हात देत.

पोलादपूरच्या केंद्रात मात्र मी पुढच्याच महिन्यात गेले. घरी सांगितलं, आईला बघायला जाते. तिथल्या बाई वयस्क होत्या, मान वर करून बघतही नसत. विषय कोणते, इथे सही, पुढचा. रविवारच्या वर्गात एक कंडक्टर, दोन अंगणवाडी सेविका आणि नोकरीत बढती हवी असलेले काही जण असायचे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं. वर्ग सुटला की कापड्याला आईकडे जेवायचं आणि शेवटच्या गाडीने महाडला परतायचं. घरी कळलं तेव्हा दुसरं वर्ष निम्मं झालं होतं. मुलगी म्हणाली, "कोणाला सांगू नकोस म्हणजे झालं." मी बी.ए. झाले तेव्हा ती पुण्याला नोकरीला होती. फोनवर "बरं झालं" म्हणाली आणि मिक्सरच्या भांड्याचं विचारलं.

तिला बघायला पुण्याहून माणसं आली. चांगली माणसं होती. मुलाची आई शाळेत शिक्षिका. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आई काय करतात?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "आई ग्रॅज्युएट आहे. इथल्याच कॉलेजातून झाली, मी होते त्याच. आम्ही दोघी एकाच वेळी शिकत होतो."

त्या बाईंचा चेहरा उजळला. "किती छान. दोघी बरोबरच जात असाल."

मुलगी हसून माझ्याकडे बघत होती. मी पोह्यांची बशी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "नाय, मी पोलादपूरहून झाले, बाहेरून. इथे नाव घातलं होतं. पण मला डोक्याच्या गोळ्या चालू हायत असं हिने सरांना सांगितलं, म्हणून काढावं लागलं."

मुलाच्या वडिलांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

लग्न मोडलं नाही. ती माणसं समजूतदार होती, त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली. मी कप विसळत होते.

"तुला हेच करायचं होतं ना?" ती म्हणाली. "इतकी वर्षं."

"हो," मी म्हटलं.

ती दाराशी उभी राहून रडली. मी नळ बंद केला नाही. आता ती पुण्याला असते. दिवाळीला येते, दोन दिवस राहून जाते. माझ्याशी अहो-जाहो केल्यासारखं नीट, जपून बोलते, आणि मीही तिच्याशी तसंच बोलते.