विचार करून कळवतो

हत्तीमारे मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की आधी संडासाचं दार मोजत. पर्समध्ये शिंप्याचा पिवळा टेप कायम असे. बारसं असो, सत्यनारायण असो, चहा येईपर्यंत मॅडम मागच्या अंगणात पोचलेल्या असत. परत येऊन सांगत, "तेवीस इंच. चाकाच्या खुर्चीवरचं कोणी आलं तं बाहेरच राह्यते." घरमालकाला वाटे, नक्कीच काहीतरी सरकारी योजना आली. मॅडमनी ज्याचं दार मोजलं त्याचं नाव वर गेलं, अशी मध्य प्रदेशातल्या आमच्या लांजीत पक्की समजूत होती. लोक त्यांना मुद्दाम जेवायला बोलवत.

आडनाव हत्तीमारे, पण उंची अशी, की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांनी उभ्या नोकरीत काही लिहिलं नाही. रसायनशास्त्र शिकवत. मी अकरावीला त्यांच्या वर्गात आले ती चाकांच्या खुर्चीतून. माझे पाय जन्मापासून कामाचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. खुर्ची मोजली, आकडा वहीत टिपला आणि म्हणाल्या, "आता तुयं कालेज शोधाले बरं."

मला बीएस्सी करायचं होतं, बालाघाटला, रोज वर्गात बसून. बाबांच्या मनात मात्र प्रायव्हेट बीए होतं. म्हणजे घरी बसून फॉर्म भरायचा आणि वर्षातून एकदा पेपर द्यायला जायचं. बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. "कालेजवाल्यानं तोंडावर नाही म्हटलं तं पोरीच्या मनाले लागन, मॅडम," म्हणायचे. शेवटी दोघांचं असं ठरलं, की एकदा कॉलेजात जाऊन यायचं. तिथून नकार आला तर प्रायव्हेट, पुन्हा विषय काढायचा नाही. फॉर्म बाबांनी आधीच आणून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

"जाऊ," मॅडम म्हणाल्या, "पण पाहणीले जाऊ."

आमच्याकडे लग्नाआधी मुलीकडची पाचसात माणसं मुलाचं घर पाहायला जातात. विहीर, गोठा, सासूचा आवाज, सगळं निरखून येतात. मॅडमचं म्हणणं होतं, की कॉलेजही तसंच पाहावं. "तीन वर्षं पोरीले तिथं नांदाचं हाय. काहून हात जोडाचे? आपण पोरगी दाखवाले नाही चाललो, कालेज पाहाले चाललो. अन् जागच्या जागी हौ म्हणाचं नाही. विचार करून कळवतो म्हणाचं."

त्याआधी महिनाभर तालीम चालली. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत शिपाई शालिकभाऊ प्राचार्य होऊन बसत आणि मी त्यांच्याकडे प्रवेश मागायचा. मला काय शिकायचं आहे आणि त्यासाठी काय लागेल, हे माझ्याच तोंडून आलं पाहिजे, रडायचं नाही आणि तीनतीनदा सॉरी म्हणायचं नाही, हे मॅडमचे नियम. दुसऱ्या दिवसापासून शालिकभाऊ घरून लग्नातला कोट घालून येऊ लागले. जन्मभर घंटा वाजवलेल्या माणसाला पहिल्यांदाच नाही म्हणायचा अधिकार मिळाला होता आणि त्यांनी तो मनसोक्त वापरला. "सीट फुल है. कल आना." मी काहीही बोलले तरी सीट फुल. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. "शालिकभाऊ, तुमी घंटी वाजवाले जा अन् मोठ्या सरले पाठवा!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "हे बरं बोललीस. असाच आवाज पाह्यजे." मग मी रोज ते वाक्य म्हणू लागले.

पाहणीला आम्ही पाच जण निघालो. मॅडम, बाबा, टोपी घातलेला मामा, नारळ आणि पेढ्यांची पिशवी सांभाळणारी मावशी आणि मी. खुर्ची बसच्या टपावर. कॉलेजच्या फाटकावर चौकीदारानं आमचा थाट पाहून अदबीनं विचारलं, "किसके रिश्ते की बात है?" मामा म्हणाला, "अभी देख रहे हैं."

मॅडमनी दारं मोजली. मावशीनं नळाचं पाणी पिऊन पाहिलं आणि जरा खारट असल्याचं जाहीर केलं. मग आम्ही प्राचार्यांसमोर बसलो. त्यांनी बाबांना विचारलं, "लड़की क्या पढ़ना चाहती है?" बाबांनी तोंड उघडलं आणि लगेच कळवळले. मॅडमनी टेबलाखालून चिमटा काढला होता. "तिलेच विचारा," मॅडम म्हणाल्या.

मी नीट सांगितलं. बीएस्सी, रसायनशास्त्र, प्रयोगासाठी एक कमी उंचीचं टेबल. प्राचार्यांनी मान हलवली. माणूस सभ्य होता. "बेटा, लैब ऊपर है. और सच कहूँ तो सीट भी फुल है."

बाबांचा हात खिशातल्या फॉर्मकडे गेला. तो मला दिसला आणि माझ्या डोक्यात अंधार झाला. तालमीतलं एकच वाक्य उरलं होतं, तेच तोंडातून सुटलं, तेही खणखणीत: "तुमी घंटी वाजवाले जा अन् मोठ्या सरले पाठवा!"

मामानं टोपी काढली. मावशीनं घाईघाईनं पेढ्यांचा पुडा पुढे केला. प्राचार्य इतके गोंधळले, की त्यांनी खरोखरच टेबलावरची घंटी दाबली. शिपाई धावत आला. आता बोलावलंच आहे तर काहीतरी सांगायला हवं, म्हणून प्राचार्य म्हणाले, "केमिस्ट्रीवाले सर को भेजो." ते सर आले, त्यांनी पेढा खाल्ला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नीचे स्टोर रूम है, सर. खाली हो जाए तो एक टेबल लग जाएगी. सीट भी दो-चार तो हर साल छूटती हैं."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हसू आवरत म्हणाले, "ठीक है. ले लेते हैं."

बाबा पाया पडायला उठले. त्यांना खाली ओढत मॅडम म्हणाल्या, "हम लोग विचार करके बताएँगे."

बसस्टँडवर बाबा आयुष्यात पहिल्यांदा एका शिक्षिकेवर ओरडले. "होकार आलता न् तुमी लाथाडला!"

"होकार पोरीले आला, खोलीले आला का?" मॅडम शांतपणे शेंगदाणे सोलत होत्या. "भंगार हाय तिथं. आज हौ म्हटलं तं तीन वर्षं भंगारच राह्यते. आता तेच बोलावतीन."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नवव्या दिवशी प्राचार्यांचा फोन आला. खोली रिकामी झाली, दारात सिमेंटचा उतारही केला, आता तुमचं काय ते सांगा. फोन ठेवल्यावर बाबांनी खिशातला फॉर्म काढला आणि त्यात मॅडमसाठी चिवडा बांधला.

आता मी बालाघाटच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी मॅडमचा फोन आला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे पार गेले होते, नागपूरचा मुलगा घेऊन जायचं म्हणत होता. "प्रीती, पाहणीले चाल. मले वाकता येत नाही, टेप तुले धरा लागन."

फ्लॅट छान होता. बाथरूमचं दार मी मोजलं. रुंदी पुरेशी होती, पण भिंतीला धरायला काही नव्हतं. सुनेनं चहा दिला. मुलानं मलाच विचारलं, "मग, आणू ना आईला?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

मॅडम कपातल्या चहाकडे पाहत बसल्या. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं, तिला लेकापुढे शब्द सुचत नव्हता. मला ते पाहवेना. मी टेबलाखालून चिमटा काढला.

मॅडम ताठ झाल्या. "विचार करून कळवतो," म्हणाल्या.

आठ दिवसांत बाथरूमला स्टीलची दांडी बसल्याचा फोटो आला. मॅडम निघाल्या त्या दिवशी मी लांजीला गेले आणि गाडीपाशी सगळ्यांसमोर रडले. त्यांनी पर्समधून टेप काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"रडतं काहून? आपल्या शाळेत बारावीत यंदा तुयावानी तीन पोरं हायेत. शालिकले सांगून ठेवलं म्या, कोट धुवून ठेव. अन् कितीबी रडले तरी सीट फुलच म्हणाचं."