मदिनानं चारलेली पूड

शाहू महाराजांच्या पागेत हुसेन नालबंद घोड्यांना नाल ठोकायचा. बिथरलेलं जनावरसुद्धा त्याच्या हातात खूर देऊन मुकाट उभं राहायचं. शनिवार पेठेतल्या दोन खणांच्या घरात तो आणि त्याची बायको मदिना, दोघंच. मूलबाळ नव्हतं. दुपारी जेवायला आला की पागेतल्या घोड्यांच्या तऱ्हा सांगून तो मदिनाला पोट धरून हसवायचा.

हा भरल्या अंगाचा गडी चाळिशीत वाळायला लागला. जेवायचा दोघांचं, पण अंगाला काही लागेना. शौचाला तेलकट, फिकट व्हायचं. सदरा अंगावर लोंबायला लागला. वैद्य झाले, हकीम झाले. शेवटी मदिनानं त्याला गणपतराव डॉक्टरांकडं नेलं. ते मुंबईला शिकून आलेले, तरणे, बोलायला मोकळे.

"जठराच्या मागं एक पिंड असतो," डॉक्टर म्हणाले. "अन्न पचवायचा रस त्यातून येतो. यांचा तो रस आटलाय. जनावराच्या त्याच पिंडाची वाळवून केलेली पूड विलायतेहून येते. ती जेवताना घ्यायची."

"कंच्या जनावराची?" हुसेननं विचारलं.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "डुकराची."

हुसेन उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पुडीची बाटली मदिनानं घेतली.

ती मौलवींना विचारून आली. दुसरा इलाजच नसेल तर जीव वाचवायला औषध म्हणून चालतं, असं ते म्हणाले. तरी हुसेन ऐकेना. मग ती त्याच्या पुढ्यात बसली.

"माझ्यासाठी घ्या. काय पाप असंल ते माझ्या माथी."

हुसेननं तोंड भिंतीकडं फिरवलं. "तुझ्यासाठी घेतो. पण तुझ्या हातानं दे. मी बाटलीकडं बघणार न्हाय."

तेव्हापासून रोज ती पाठमोरी होऊन दुधात पूड कालवायची आणि वाटी त्याच्या हातात द्यायची. तो डोळे मिटून प्यायचा. उन्हाळा सरेपर्यंत त्याचे गाल भरले. पागेतले लोक म्हणायला लागले, हुसेन परत आला.

मग एके दिवशी जेवायला बसताना तो म्हणाला, "आज पोट जड वाटतंय. पूड ऱ्हाऊ दे का?"

"एक दिस चुकलं तर मागचं समदं वाया जाईल की," मदिना म्हणाली, आणि तिनं वाटी पुढं केली.

ऊन कलायच्या आत कळ आली. बेंबीच्या वरनं निघून पाठीत आरपार जाणारी. त्याला आडवं होववेना. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून तो कोपऱ्यात बसला आणि ओकत राहिला. डॉक्टर धावत आले. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्या पिंडालाच सूज आलीय. पूड बंद करा."

"पुडीनं झालं का?"

"असेल. मूळच्या दुखण्यानंही असेल. मला सांगता येत नाही, बाई."

हुसेननं दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावलं. त्याला धड बोलवत नव्हतं. "बाटली टाकून दे. लोकं तुला नावं ठेवतील," एवढंच तो म्हणाला. शुक्रवारच्या नमाजाआधी तो गेला.

गणपतरावांनी मुंबईला डॉक्टरांच्या बैठकीत ही हकिगत उभं राहून सांगितली. एका रोग्यावरून काही ठरत नाही, असं तिथले बाकीचे डॉक्टर म्हणाले. ते गणपतरावांनी मदिनालाही येऊन सांगितलं. 

हुसेन मात्र घरातनं गेला नाही. दुपारी ताट वाढलं की तो कोपऱ्यात असायचा. गुडघे पोटाशी, पाठ तिच्याकडं. त्याचं तिला भय नव्हतं. भय एवढंच, की तो वळेल आणि वाटीसाठी हात पुढं करील.

पुढल्या वर्षी कागलची तानाबाई दाराशी आली. तिच्या नवऱ्याला, केरबाला, तेच दुखणं होतं.

"डाक्टर पूड देत्यात," ती म्हणाली. "पन तुमच्या मानसाला लई वाईट झालतं, त्येबी त्येनीच सांगितलं. म्हनून आले, भाबी. देऊ का नको?"

मदिनानं तिला आत घेतलं. 'नको' म्हणावं, तर तो माणूस वाळून मरणार. 'दे' म्हणावं, तर तिनंही एकदा अशीच दिली होती.

"दे," ती अखेर म्हणाली. "पन त्यो म्हनला, पोट दुखतंय, जड वाटतंय, की हात थांबीव. त्याच घडीला थांबीव. आन् डाक्टरकडं पळ. त्याचं ऐक, बाई. माझ्यावानी करू नगंस."

तानाबाई तिच्या गळ्यात पडून रडली.

केरबाला पूड मानवली. वर्षभरानं तो स्वतः गुळाची ढेप खांद्यावर घेऊन आला. मदिनानं त्याला जेवायला वाढलं. तो मजेत खात होता, आणखी भाकरी मागत होता. ती आनंदली, खरंच आनंदली. आणि तेवढ्यात मनात आलं: ह्याला मानवली, माझ्याच माणसाला का न्हाय? ती पाण्याचं निमित्त करून परसात गेली आणि त्याचं जेवण होईस्तोवर आत आली नाही.

पुढं मलकापूरहून तिचा दीर फक्रुद्दीन गाडी घेऊन आला. "एकटी किती दिस ऱ्हाशील, भाबी? चल. पोरंबाळं हायत, मन रमंल."

मदिनानं त्याला चहा दिला, पोरांसाठी खाऊ बांधून दिला, आणि नाही म्हणून मान हलवली.

"मी आले तर दुपारचं ते कुनाकडं येतील?"

तिची नजर होती त्या कोपऱ्याकडं फक्रुद्दीननं बघितलं. तिथं काही नव्हतं. तो खाऊचं गाठोडं घेऊन गाडीत बसला.