हिल्डुरबाईंचं डावं-उजवं

आमच्या हिल्डुरबाईंना डावं-उजवं कळत नाही, हे लिल्लेरूड गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा पहिलीतल्या पोरांना. आणि आम्हाला डावं-उजवं शिकवायचं काम नेमकं बाईंकडे होतं.

एकदा नव्या डॉक्टरांनी त्यांना रस्ता विचारला, तर बाळंतिणीच्या घरी निघालेले डॉक्टर लाकडाच्या वखारीत जाऊन पोचले. तेव्हापासून बाई हातातल्या घड्याळावर भिस्त ठेवायच्या. घड्याळाचा हात तो डावा. सत्तावीस वर्षं त्यांनी या आधारावर शाळा चालवली. घड्याळ दुरुस्तीला गेलं की त्या आठवड्यात वर्गात नुसती गणितं व्हायची.

असंच निभलंही असतं. पण सदुसष्ट साली सरकारने ठरवलं, की अख्ख्या स्वीडनने आता रस्त्याच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने गाड्या चालवायच्या. तीन सप्टेंबर, रविवार, पहाटे पाच वाजता. तोवर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायची सवय होती. आता आधी डावीकडे बघायचं. थोरांची झोप उडाली होती, तिथे सात वर्षांच्या चौदा पोरांची काय कथा.

आम्हाला शिकवायला सिक्स्टन हवालदार आले. उंच, मिशाळ आणि स्वतःवर फार खूश. शाळेच्या अंगणात त्यांनी खडूने रस्ता आखला आणि आमच्याकडे तोंड करून हात वर केला.

"हा डावा. करा वर."

आम्ही त्यांच्या हातासमोरचा हात वर केला.

"तो नाही. तो उजवा."

आम्ही हात बदलला. तेवढ्यात आम्हाला समजावं म्हणून त्यांनीही बदलला.

"थांबा," म्हणत हवालदार पाठमोरे उभे राहिले. "आता माझा डावा तोच तुमचा डावा. केला का वर?"

"हो," आम्ही म्हणालो. कुणी कुठला केला ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते दोन मिनिटं समाधानात होते.

मग क्रिस्टरने विचारलं, "काका, माणूस उलटा फिरला की डावा हात बदलतो का?"

"डावा हात कधी बदलत नसतो, बाळा."

"मग रस्त्याचा कसा बदलला?"

हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"हवालदार, तुम्ही आत बसून कॉफी घ्या," हिल्डुरबाई म्हणाल्या. "बन आहेत दालचिनीचे. मी बघते यांच्याकडे."

बाईंनी खडूचा रस्ता पायाने पुसला आणि आम्हाला खऱ्या रस्त्याच्या कडेला नेलं. गावाला रस्ता एकच. एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला डेअरी. बाईंनी मनगटावरचं घड्याळ चोरून पाहिलं आणि सांगितलं, "शाळेत येताना आधी चर्चकडे बघायचं, मग डेअरीकडे. घरी जाताना आधी डेअरी, मग चर्च. बाकी काही लक्षात ठेवू नका."

आठवडाभर आम्ही चर्च-डेअरी, डेअरी-चर्च घोकत होतो.

मग सोमवार उजाडला. नव्या बाजूचा पहिला शाळेचा दिवस. सिक्स्टन हवालदार आमच्या रक्षणाला आमच्या बाजूला येऊन उभे होते. जन्माच्या सवयीने त्यांनी डेअरीकडे पाहिलं आणि रुबाबात रस्त्यावर पाऊल टाकलं.

"काका, चर्च!" आम्ही चौदा जण ओरडलो.

चर्चकडून बेकरीवाला सायकलवरून येत होता. हवालदार, बेकरीवाला आणि दोन टोपल्या पाव असे सगळे मिळून रस्त्याकडेच्या चरात गेले. कुणाला फार लागलं नाही. बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती तिथे टिकत नव्हती.

पंधरा दिवसांनी आमची सहल कार्लस्टाडला गेली. स्टेशनाबाहेर मोठा रस्ता आला आणि आम्ही चौदा जण खिळल्यासारखे उभे राहिलो. ना चर्च, ना डेअरी.

क्रिस्टर एका हॅटवाल्या गृहस्थांना म्हणाला, "अहो, तुमची डेअरी कुठे आहे?"

"डेअरी? मागे वळ, तिसरी गल्ली," ते सज्जन म्हणाले. आम्ही सगळ्यांनी रस्त्याकडे पाठ करून तिसऱ्या गल्लीकडे पाहिलं. पाठीमागून बस निघून गेली.

बाईंनी मनगट पाहिलं, मग दुसरं पाहिलं. घड्याळाचा पट्टा गाडीत तुटला होता आणि घड्याळ पर्समध्ये होतं. त्या आम्हाला घेऊन बाकापाशी गेल्या आणि खाली बसल्या.

"मुलांनो, एक सांगते," त्या म्हणाल्या. "मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासूनच."

मला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार.

"मलापण नाही," क्रिस्टर म्हणाला.

"मलापण," मागून कुणीतरी म्हणालं. मग बरेच जण म्हणाले. बाईंना रडू येत होतं की हसू, ते नीट कळलं नाही.

"मला येतं," मी म्हणाले.

"तुला कसं गं, सोल्वेग?"

"मी डाव्या हाताने जेवते ना. आजी रोज तीन वेळा ओरडते, डावा हात काढ, डावा हात काढ. हा बघा, हा."

बाईंनी माझा तो हात हातात घेतला आणि मला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं. दिवसभर मी हात वर करून चालले आणि वर्ग माझ्या हाताच्या दिशेला बघून रस्ते ओलांडत गेला. संध्याकाळी खांदा इतका दुखत होता, की मला चमचा कुठल्याच हातात धरवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आजीला चिठ्ठी धाडली. मुलीचा हात बदलू नये, वर्गाला त्याची गरज आहे. आजीने चिठ्ठी दोनदा वाचली. "सरकारने रस्ता बदलला, आता ही मास्तरीण मला बदलणार," ती म्हणाली. पण त्यानंतर ती जेवताना माझ्या हाताकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंनी गाडी शिकायला घेतली. तीन वेळा नापास झाल्या. चौथ्या वेळी परीक्षक म्हणाला, "मी डावीकडे वळा म्हटलं होतं."

"मग मी कुठे वळले?"

"उजवीकडे. पण फार सुरेख वळलात." त्याने सही करून टाकली.

दर उन्हाळ्यात त्या लाल गाडीतून एकट्याच बहिणीकडे जायच्या. वाट दोन तासांची. बहीण शहाणी होती. बाई निघाल्याचा फोन आला की ती चार तास थांबायची, आणि मगच बटाटे उकडायला ठेवायची.