आधीच मानलेले आभार

शनिवारी सकाळची प्रार्थना संपली की आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये चहा असतो, आणि चहाचा कप हातात आला की माणसं हळूहळू भिंतीकडे सरकायला लागतात. मधोमध जो उभा असेल त्याच्यावर आत्याची नजर आधी पडते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण तिला सगळा समाजच आत्या म्हणतो. येत्या आठवड्यात काय काय कार्यक्रम आहेत आणि त्यात कोण कोण राबणार, हे जाहीर करायचं काम तिच्याकडे. ते तिला कुणी दिलं हे आता कुणाला आठवत नाही. माझ्या वडिलांच्या मते कुणी दिलंच नव्हतं.

आता अडचण अशी, की शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, आमच्यात काही लिहायचं नसतं. सगळा समाज एका ठिकाणी सापडतो तो नेमका त्याच दिवशी, आणि कुणाचं नाव टिपून घ्यायची सोय नाही. "येतो की, त्यात काय," असं शनिवारी म्हणणारा माणूस रविवारी सकाळी फोन उचलत नाही. यावर आत्याने स्वतःपुरता उपाय शोधला होता. लिहायचं नाही आणि विचारायचंही नाही. सरळ आभार मानून मोकळं व्हायचं.

"उद्या वाचनालयाची साफसफाई आहे," ती कप बाजूला ठेवून सांगायची. "शिडीवर चढून वरचे कप्पे पुसल्याबद्दल चष्मेवाल्यांचे मनापासून आभार."

चष्म्याचं दुकान चालवणारे ते गृहस्थ तेव्हा तोंडात बिस्कीट धरून उभे होते. ते साध्या स्टुलावर चढले तरी त्यांना घेरी येते. पण सगळा हॉल कौतुकाने आपल्याकडे बघत असताना माणसाने करायचं काय? त्यांनी बिस्कीट गिळलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी डोळे घट्ट मिटून सगळे कप्पे पुसले. दोन फुलदाण्या गेल्या, पण कप्पे स्वच्छ झाले.

दफनभूमीतलं गवत काढणं, हॉस्पिटलात पडलेल्यांना भेटून येणं, म्हाताऱ्यांना गाडीतून आणणं, मुलांचा हिब्रूचा वर्ग, सगळं असंच पार पडायचं. आत्याची सगळी नोकरी एका दवाखान्यात नंबर पुकारण्यात गेली होती. तिच्या आवाजाने पेशंट खोकला विसरून उठायचे. तो आवाज आणि ती पद्धत, यांच्यापुढे आमचा सगळा समाज हतबल होता. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते. ते म्हणायचे, "माझं लग्नसुद्धा असंच झालं. मी नुसता त्यांचा पंखा दुरुस्त करायला गेलो होतो."

या सगळ्यातून एकच व्यक्ती सुटलेली होती. ती म्हणजे आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. तिला आम्ही शिवणमावशी म्हणायचो. बाजारामागच्या गल्लीत तिची एक अरुंद खोली होती. पुढे मशीन, मागे इस्त्री, आणि मध्ये मावशी. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, वजन वाढलेल्यांचे ब्लाऊज उसवून देणं, अशी कामं. "लोक बारीक होतील तेव्हा मी उपाशी मरेन," असं ती म्हणायची. नवरा लवकर गेला होता, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. शनिवारी ती आत्याच्या शेजारी बसायची आणि दुपारी आत्याकडेच जेवायची. आत्याला ती भोंगा म्हणायची. समोर म्हणायची, आणि आत्याला ते आवडायचं.

मावशीचं नाव आत्याने कधीच पुकारलं नाही. त्यावरून एकदा चष्मेवाल्यांनी टोला हाणलाच.

"आम्ही शिड्या चढतो, गवत उपटतो. तुमच्या मैत्रिणीच्या वाट्याला मात्र नुसता चहा. मैत्री असावी तर अशी."

आजूबाजूचे हसले. मावशीही हसली आणि तिने त्यांच्याच बशीतलं बिस्कीट उचललं. आत्या हसली नाही.

कारण आत्याला एक गोष्ट माहीत होती. आमच्यात माणूस गेलं की समाजातलेच काही जण येऊन त्याला शेवटची अंघोळ घालतात आणि साधे पांढरे कपडे चढवतात. बाईला बायका, पुरुषाला पुरुष. बंगल्यातला असो की चाळीतला, कपडे सगळ्यांचे सारखे. त्यांना खिसा नसतो, आणि शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत. हे काम कोण करतं ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. इतर कुठल्याही मदतीची कधी ना कधी परतफेड होते, याची होत नाही. ज्याच्यासाठी केलं तो आभार मानायला उरलेला नसतो, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्यानेही मानायचे नाहीत. माझी बायको त्या बायकांमध्ये आहे हे मला माहीत नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

ते कपडे वर्षानुवर्षं शिवणमावशी शिवत होती. एकदा भर दुपारी आत्या दुकानात न सांगता गेली आणि तिला मशीनवर अंथरलेलं पांढरं कापड दिसलं.

"बघितलंस ना? आता विसर," मावशी म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाही, पण हे ठेव."

आत्याने ते ठेवलं, आणि तिला ते किती जड गेलं असेल हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. पण चष्मेवाल्यांचा टोला तिला लागला. आपली मैत्रीण आयतोबा म्हणून ओळखली जाते, आणि ती जे करते त्याची सर एकाही शिडीला नाही, हे तिला आठवडाभर छळत राहिलं. पुढच्या शनिवारी ती उभी राहिली. जुने कपडे गोळा करायचे आहेत ते सांगितलं, गाडी आणल्याबद्दल कुणाचे तरी आभार मानले, आणि मग म्हणाली,

"आणि एक आभार फार वर्षांचे राहिलेत. आपल्या सगळ्यांच्या माणसांना जिने शेवटचे कपडे शिवून दिले, आणि पुढेही देणार आहे, त्या माझ्या मैत्रिणीचे."

तिने हात मावशीच्या खांद्यावर ठेवला होता.

नुकतीच ज्यांची आई गेली होती ते एक गृहस्थ मावशीच्या हातांकडे बघायला लागले. मावशीने कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि ती घरी गेली. आत्याच्या घरी त्या दिवशी तिचं ताट वाढलेलंच राहिलं.

रविवारी सकाळी आत्या दुकानात गेली. मावशी चिडलेली असती तर बरं झालं असतं, असं आत्याने मला नंतर सांगितलं. चिडलेल्या माणसाची समजूत कशी घालायची ते दवाखान्यात शिकायला मिळतं. मावशी एका पँटची शिवण उसवत होती आणि तिने स्टूल पुढे केलं.

"अगं, मी चांगल्यासाठीच..."

"ते माहीत आहे मला. तू वाईटासाठी काही करतेस कुठे?"

"लोक तुला नावं ठेवत होते."

"मला ऐकू येत होतं ते. तूच मनाला लावून घेतलंस." मावशीने दोरा ओढला. "काल संध्याकाळी तो आला होता, आई गेलेला. मिठाईचा मोठा डबा घेऊन. रडला बिचारा. मी डबा घेतला. न घेऊन सांगते कुणाला? आता ते कपडे मी त्याला दिलेले झाले, आणि डबा त्याने मला दिलेला. फिटलं. भोंग्या, माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती बघ, जिचं कुणी काही फेडू शकत नव्हतं."



पुढचे दिवस मजेदार म्हणावेत असे होते, ज्याला मजा वाटत असेल त्याला. मावशी टेप घेऊन पुढे झाली की आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका एक पाऊल मागे सरकायच्या. "आत्ताच माप नको गं, अजून बरीच कामं राहिलीत माझी," असं एकीने हसत हसत म्हटलं, आणि ब्लाऊज तसाच परत नेला. दुसऱ्या एकीने आपल्यासाठी कापड जरा मऊ घे, म्हणून आधीच सांगून ठेवलं. मावशी सगळ्यांशी हसून बोलली. पण पांढरं कापड तिने अंघोळ घालणाऱ्या बायकांकडे परत पाठवून दिलं.

"सुई हातात घेतली की मला तुझा आवाज ऐकू येतो," ती आत्याला म्हणाली. "मग मला वाटतं मी छान शिवतेय. तसं वाटून ते शिवायचं नसतं."

आत्याला चूक निस्तरायचा एकच मार्ग माहीत होता. पुढच्या शनिवारी ती उभी राहिली आणि तिने जाहीर केलं, की मागच्या शनिवारी मानलेले आभार मागे घेण्यात येत आहेत, तरी सर्वांनी ते विसरावेत. ज्यांनी मागच्या शनिवारी दांडी मारली होती त्यांनी लगेच शेजाऱ्याला विचारलं, "कसले आभार?" चहा संपायच्या आत त्यांनाही सगळं कळलं.

त्यानंतर मावशी दाराजवळच्या बाकावर बसायला लागली. गुडघ्यांना पायऱ्यांचा त्रास होतो, असं कारण होतं, आणि ते खरंही होतं. शनिवारी दुपारी ती कधी यायची, कधी नाही. वर्षभराने दुकान आवरून ती मुलीकडे गेली. निघताना आत्याने तिच्यासाठी डबा करून दिला. मावशी म्हणाली, "एवढं कशाला," आणि हे "एवढं कशाला" आत्याला फार लागलं. त्यांच्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

फोन व्हायचे. पण फोनवर हवा कशी आहे आणि गुडघा कसा आहे, यापलीकडे गाडी जायची नाही.

कपडे शिवायला कुणी मिळेना. हे काम चहाच्या वेळी जाहीर करता येणारं नव्हतं. एका दुपारी मी आत्याकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं, आणि आत्या नाकावर चष्मा ओढून त्याच्याशी झटापट करत होती. काका मला हाताने गप्प बस म्हणाले. आत्याला शिवणकाम कधीच जमलं नव्हतं. शर्टाचं बटण लावायलासुद्धा ती मावशीकडे पाठवायची. आता दोरा ओवला की तिचा हात सवयीने शेवटी गाठ मारून बसायचा. मग ती गाठ नखाने सोडवायची, दोरा तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिने न पुकारता हातात घेतलेलं हे पहिलंच काम असावं.

शेवटी तिने माझ्यासमोरच फोन लावला. हवा झाली, गुडघा झाला.

"एक विचारायचं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की काकांनी काळजीने वर बघितलं. "गाठ नाही मारली तर टाका टिकतो कसा?"

पलीकडून मावशीचा आवाज मलाही ऐकू आला.

"टिकायचं नसतंच गं त्याला." आणि थोड्या वेळाने, "पहिला टाका एकावर एक दोनदा घाल. तेवढं पुरतं. कोण शिवतंय?"

आत्याचं तोंड उघडलं होतं. "एक जण आहे," ती म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाली. "तिला सांग, घाई करू नको."

यातून मावशीला कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असावं. आत्याला तसं वाटत नाही. "कळलं असतं तर भोंगा म्हणाली असती," ती म्हणते. त्यानंतर मावशीने तिला त्या नावाने हाक मारली नाही. आत्या दर फोनला वाट बघायची. मुलीकडे जाऊन भेटून ये, असं काका म्हणायचे. थंडी सरली की जाते, मुलांचं शिबिर झालं की जाते, असं करता करता राहून गेलं.

मावशी गेल्याचा फोन एका बुधवारी आला. तिथल्या रीतीने सगळं त्याच दिवशी झालं होतं, आत्याला गाडी मिळण्याआधीच. अंगावर कपडे होते ते तिथल्या कुणीतरी शिवलेले. ते कुणी शिवले आणि कसे होते, हे आत्याला विचारता येत नव्हतं. ती मुलीशी बोलत राहिली आणि मग तिने फोन ठेवला.

त्या शनिवारी सगळ्यांना वाटलं, आज ती बोलणार. हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता आणि कुणी भिंतीकडे सरकलं नव्हतं. आत्या उभी राहिली. उद्या दफनभूमीत गवत काढायचं आहे, तिने सांगितलं. मंगळवारी हॉस्पिटलात जायला कुणीतरी लागेल. "ज्यांना जमेल त्यांनी यावं," एवढं म्हणून ती खाली बसली. मावशीचं नाव तिने घेतलं नाही.

चष्मेवाले तिच्याजवळ आले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं होतं.

"आत्या, एवढी तुमची मैत्रीण. तिच्याबद्दल दोन शब्द तरी बोलायचे होते."

आत्याने त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला.

"थोडा चहा उरलाय," ती म्हणाली. "देऊ?"