उपेंद्ररावांनी नाकारलेला कंट्रोलर

उपेंद्ररावांना माणसं आवडत नसत असं नाही. पण माणूस काही विकत घ्यायला निघाला की तो त्यांच्या मनातून उतरायचा. रविवारी सकाळी घट्ट कपडे घालून रिंग रोडवर महागड्या सायकली हाकणारे, कोरमंगलात कपभर कॉफीसाठी वजनकाटा घेऊन बसणारे, टेकडी चढायच्या आधी महिनाभर बुटांवर चर्चा करणारे, या सगळ्यांना त्यांनी एकच नाव ठेवलं होतं: सामानवाले. ज्याला काम येत नाही तो सामान आणतो, असं त्यांचं म्हणणं. एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायच्या खात्यात ते होते. तपासायचे म्हणजे बहुतेक नामंजूर करायचे. हे काम त्यांच्या स्वभावाला असं काही मानवलं होतं, की घरी आल्यावरही ते बंद होत नसे. संपदानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नवा मिक्सर घ्यावा का असं विचारलं तरी आधी डावी भुवई वर जायची.

घराणं राजाजीनगरातलं जुनं. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर कधीतरी बंगळूरला आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, पण अर्धे शब्द कन्नडचे. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलेल्या पुण्याच्या तनयनं पहिल्याच आठवड्यात ते ऐकलं आणि हसून म्हणाला, "काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे!"

त्या एका वाक्यासाठी उपेंद्ररावांनी त्याला कधी क्षमा केली नाही. साडेतीनशे वर्षं टिकवलेली भाषा, आणि म्हणे क्यूट! शिवाय 'काका'. उपेंद्ररावांचे केस अजून काळे होते, आणि तेही बरेचसे स्वतःहून.

तनयचं ऑफिस बेळ्ळंदूरला. आठवड्यातून दोनदा तो तिकडे जायचा, ट्रॅफिकमध्ये अर्धमेला होऊन परत यायचा आणि उरलेले दिवस वर बसून काम करायचा. काम संपलं की व्हिडिओ गेम. एका संध्याकाळी तो खाली आला, सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काका, एक ॲडव्हाइस हवा होता. तुम्ही कॉलेजमध्ये असताना गेमिंग चॅम्पियन होतात ना? काकू म्हणाल्या."

स्वयंपाकघराच्या दारात संपदा अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

चॅम्पियन होते, हे खरं. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत नवरंग चौकाजवळ एका जिन्याखाली व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथं घामाच्या वासात, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून पोरं उभी असायची, आणि मारामारीच्या गेममध्ये उपेंद्रला कोणी हरवू शकत नसे. मल्लेश्वरमहून, बसवनगुडीहून पोरं मुद्दाम हरायला यायची. एकदा कॉलेजांच्या स्पर्धेत तो पहिला आला आणि त्याच्या नावाची शिट्टी वाजली. त्यानंतर आयुष्यात त्यांच्या नावानं कोणी शिट्टी वाजवली नाही. विम्याच्या कचेरीत कोण वाजवणार?

"विचार," उपेंद्रराव म्हणाले.

तनयनं फोन पुढे केला. त्यावर एका कंट्रोलरचा फोटो होता. नुसता कंट्रोलर नव्हे, त्याचा संसार होता. अंगठ्यानं फिरवायच्या वेगवेगळ्या उंचीच्या काठ्या, ज्या काढून दुसऱ्या बसवता येतात. मागच्या बाजूला चार जादा बटणं. ट्रिगर किती दाबला की लागू व्हावा ते ठरवायची सोय. कोणत्या बटणानं काय व्हावं ते सगळं आपल्या मनासारखं बदलायचं, आणि हे सगळं ठेवायला दागिन्यांच्या डब्यासारखी पेटी. किंमत अशी, की ती पाहिल्यावर उपेंद्ररावांना नामंजुरीचा शिक्का हातात आल्यासारखं वाटलं.

"ॲक्च्युअली माझ्या जुन्याला ड्रिफ्ट आहे," तनय म्हणाला. "हात न लावता गेममधला माणूस डावीकडे सरकतो. मग वाटलं घ्यायचाच तर चांगला घेऊ. पण रिव्ह्यूज मिक्स्ड आहेत. चौदा व्हिडिओ बघितले. डिसाइडच होत नाहीये."

"चौदा व्हिडिओ?" उपेंद्रराव म्हणाले. "आमच्या पार्लरमध्ये एक बटण आत गेलेलं असायचं. ते नखानं बाहेर काढायचं आणि खेळायचं. दुसरं एक चिकटायचं. तसंच खेळायचं. बोटांत असावं लागतं रे. बाजारात नाही मिळत ते."

"हो, पण काका, मागची बटणं असली की अंगठा उचलावाच लागत नाही, सो रिॲक्शन टाइम—"

"अंगठा उचलायचा कंटाळा असेल तर झोप जा."

तनय हसला. त्याला कशाचाच राग येत नसे, आणि उपेंद्ररावांना त्याचाही राग यायचा.

पुढच्या शनिवारी ते दोघं कोरमंगलाच्या एका दुकानात गेले, कारण तिथं ही वस्तू हातात घेऊन बघायला मिळते असं तनयनं शोधून काढलं होतं. उपेंद्ररावांनी आपण होऊन बरोबर येतो म्हटलं. पोराला वाचवायला येतो असं ते घरी म्हणाले. संपदा म्हणाली, "सरी, बरं, या वाचवून."

दुकानातला विक्रेता हिंदीत सुरू झाला. प्रो, एलिट, टूर्नामेंट, असे शब्द त्याच्या तोंडून फुटाण्यासारखे उडत होते. उपेंद्ररावांनी त्याला कन्नडमध्ये विचारलं, "तू स्वतः कोणता वापरतोस?" तो बिचारा ओशाळला. साधाच वापरतो म्हणाला. उपेंद्ररावांनी तनयकडे असं पाहिलं, जसा वकील न्यायाधीशाकडे पाहतो.

पण मग त्यांनी तो कंट्रोलर हातात घेतला. जड होता. तळव्यात नीट बसला. काठी फिरवली तर तुपात बोट फिरावं तशी फिरली. मागची बटणं मधल्या बोटांच्या पेरांखाली बरोबर आली. उपेंद्ररावांनी तो जरा जास्तच वेळ हातात ठेवला. मग काउंटरवर ठेवून म्हणाले, "खेळणं आहे. बेडा, नको."

"आठवड्यात परत करता येतो सर, बॉक्स नीट ठेवला तर," विक्रेता म्हणाला, आणि तेवढ्या एका वाक्यावर तनयनं तो घेतला.

परतीच्या मेट्रोत उपेंद्रराव खिडकीबाहेर बघत मनात धुमसत होते. सल्ला मागायचा आणि ऐकायचा नाही. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून येतात, सगळं विकत घेतात, आणि वर आपल्या भाषेला क्यूट म्हणतात. राजाजीनगरला उतरल्यावर ते म्हणाले, "उद्या दुपारी तुझं ते मशीन खाली आण. आमचा टीव्ही मोठा आहे. जुना कंट्रोलर मला दे, तो सरकणारा. नवा तू घे. मग बघू."

"काका, खरंच खेळणार तुम्ही? मस्त!"

रविवारी जेवणं झाल्यावर तनय मशीन घेऊन आला. तारा जोडल्या. मारामारीचाच गेम होता, त्यांच्या वेळच्या गेमची कितवी तरी पिढी, पण उपेंद्ररावांचा आवडता लढवय्या अजून होता. त्याच्या अंगावरचे कपडे बदलले होते, चाली त्याच. उपेंद्ररावांनी बाह्या सरसावल्या. संपदा भांडी आवरून येऊन खुर्चीवर बसली.

पहिला डाव चहाला उकळी येण्याआधी संपला. उपेंद्ररावांना प्रत्येक चाल दिसत होती. तनय उडी मारणार हे कळत होतं, त्यावर काय करायचं तेही डोक्यात लख्ख होतं. पण डोक्यातून निघालेला निरोप अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा माणूस जमिनीवर पडलेला असायचा. तीन वेळा तो पडला, तीन वेळा उठला, आणि मग उठला नाही.

"ड्रिफ्ट," उपेंद्रराव म्हणाले. "डावीकडे जातोय हा. मी मागे घेतो तर हा पुढे जातोय."

"हो ना, हा फार बेकार झालाय," तनय लगेच म्हणाला. "काका, तुम्ही नवा घ्या. मी हा घेतो."

इथं थांबता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण उपेंद्ररावांनी हात पुढे केला आणि नवा कंट्रोलर घेतला. पुन्हा तो जडपणा, पुन्हा ती तुपातली काठी. क्षणभर त्यांना जिन्याखालच्या पोरांचा घोळका पाठीशी उभा असल्यासारखं वाटलं.

दुसरा डाव पहिल्यापेक्षा लवकर संपला. तनयच्या हातातला कंट्रोलर डावीकडे ओढत होता, आणि तो न बघता, सवयीनं, अंगठ्याच्या एका बारीकशा झटक्यानं त्याला सावरत होता. तो बोलतही होता. "काकू, त्या शेंगांची उसळ करता का?" असं त्यानं उपेंद्ररावांच्या माणसाला छपरावर फेकता फेकता विचारलं.

टीव्हीवर तनयचा लढवय्या नाचत होता.

मग तनय म्हणाला, आणि त्यात जरासुद्धा खोच नव्हती, "काका, तुम्ही म्हणालात तेच खरं. सगळं बोटांतच असतं. कंट्रोलरनं काहीच फरक पडत नाही. मी उद्या परत करतो हा."

उपेंद्ररावांचा सिद्धान्त सिद्ध झाला होता. त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याच बायकोसमोर. फक्त बोटं दुसऱ्याची निघाली होती.

"छे, छे," ते म्हणाले. आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "परत कशाला करतोस? चांगली वस्तू आहे. मला सवय नव्हती म्हणून. पहिल्या डावात तुझ्याकडे तो होता, तेव्हा केवढा फरक पडला. मागची बटणं, ट्रिगर, त्यानं पडतो ना फरक. ठेव तू. माझं ऐक. अशी वस्तू एकदाच घ्यायची असते."

"पण काका, दुसऱ्या डावात तर तुमच्याकडे—"

तनय मधेच थांबला. त्यानं उपेंद्ररावांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा मऊ झाला. हॉस्पिटलात कोणाला भेटायला गेल्यावर होतो तसा.

"बरोबर आहे काका," तो हळूच म्हणाला. "कंट्रोलरचाच फरक असणार. नवीन माणसाला सेट व्हायला वेळ लागतो. तुम्ही प्रॅक्टिस केलीत ना, तर मला हरवाल."

शिवी दिली असती तर चाललं असतं. हे मात्र उपेंद्ररावांना झेपलं नाही. दावा नामंजूर झालेली माणसं त्यांच्या टेबलासमोर रडायची तेव्हा त्यांनी एकालाही असं गोंजारलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की ते बरंच केलं.

"परत कर," ते ओरडले. "उद्याच परत कर! फालतू वस्तू. आणि ते मशीन वर ने. रविवारी माणसाला स्वल्प झोपू द्या."

तनयनं तारा काढल्या. "सॉरी काका," म्हणाला आणि जिन्यानं वर गेला. कशाबद्दल सॉरी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संपदा खुर्चीवरून उठली. "हरलात," ती म्हणाली. "हरलो म्हणायचं आणि काफी प्यायची. एवढंच होतं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला गेममधलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तुमच्यातलं कळतं." आणि ती काफी टाकायला आत गेली. एकच कप टाकला.

तनयनं कंट्रोलर खरंच परत केला. ऑफिसातल्या कोणाकडून जुना दुरुस्त करून घेतला आणि विषय विसरला. उपेंद्रराव विसरले नाहीत. कचेरीत त्यांनी ही हकिकत सांगितली ती अशी, की वरच्या मजल्यावरचं एक पुणेरी पोरगं भलत्या वस्तूवर पैसे उधळत होतं, त्याला समोर बसवून, दोन डाव खेळून, शुद्धीवर आणलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या उल्हासनं विचारलं, "मग जिंकलं कोण?" तेव्हा उपेंद्ररावांनी पुढची फाइल ओढली.

त्यानंतर दोन-तीन रविवार तनय दुपारी येऊन दार वाजवायचा. "काका आहेत? एक डाव?" संपदा सांगायची, झोपलेत. उपेंद्रराव आतल्या खोलीत पलंगावर उघड्या डोळ्यांनी पडलेले असायचे. थोड्या वेळानं वरून गेमचा आवाज यायचा, आणि मित्र आलेले असले की हसण्याचा. मग ते उठून खिडकी लावून घ्यायचे.

उन्हाळ्यात तनय ऑफिसजवळ बेळ्ळंदूरला राहायला गेला. जाताना दोघांच्या पाया पडला, संपदाला मिठाईचा डबा दिला. टेंपो गल्लीच्या टोकाला वळल्यावर उपेंद्रराव म्हणाले, "बघितलंस किती सामान होतं? एका माणसाला टेंपो लागतो!"

संपदानं ऐकलं आणि दार लावून घेतलं.