यंत्रांमधली हातभर फट

आमच्या कारखान्यातल्या जोडाऱ्याचं आणि त्याच्या सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य, ही बातमी त्याच्या बायकोनेच गावभर केली होती. सुनेने चहा पाणचट करायचा आणि सासऱ्याने तो नावं ठेवत दोनदा मागायचा, असली ती भांडणं. पण तिला कारखान्यात चिकटवली ती यानेच. मुलगा अंथरुणाला खिळलेला. दोघं कामावर गेली तरच घर चालायचं.

तेलाचे डबे भरण्याच्या विभागात तीन यंत्रं होती. एक डबा भरायचं, दुसरं झाकण बसवायचं, तिसऱ्याचा लोखंडी हात डबे उचलून खोक्यात ठेवायचा. तिन्ही वेगळ्या कंपन्यांची. तिन्हींची सुरक्षिततेची प्रमाणपत्रं साहेबांच्या कपाटात दागिन्यांसारखी जपलेली. एक दिवस साहेबांच्या मनात आलं, तिन्हींना एका पट्ट्यावर जोडू. जोडाऱ्याने महिनाभर खपून जोडली. पण पट्टा आत न्यायचा तर लोखंडी हाताभोवतीची जाळी काढावी लागली, आणि तिथे हातभर फट राहिली. अडकलेला डबा सोडवायला त्या फटीत माणूस हवा. सगळ्यांत चपळ म्हणून सुनेला उभं केलं.

आठ दिवस यंत्रणा चालवून पाहिली, मग याने चाचणी घेतली. लाल बटण दाबताच तिन्ही यंत्रं थांबली. फक्त थांबण्याआधी तो हात आपल्या मूळ जागी परत गेला. त्याला तसंच शिकवलेलं. जाळी असताना आत कोण असणार? आता मात्र त्याची परतीची वाट फटीतून जात होती. जोडाऱ्याने तिथे झाडूचा दांडा धरला आणि पुन्हा बटण दाबलं. दांड्याचे दोन तुकडे झाले.

तो साहेबांकडे धावला. साहेबांनी उलट एक कागद पुढे सरकवला. संपूर्ण यंत्रणा सुरक्षित असल्याची हमी, खाली बनवणाऱ्याच्या सहीसाठी रिकामी जागा. हा म्हणाला, मी कुठे बनवली, मी नुसती जोडली.

"जोडतो तोच बनवणारा. नियम आहे तसा," साहेब म्हणाले.

नवी जाळी आणि हाताची चाल बदलणारा कंपनीचा माणूस, दोन्ही तीन महिन्यांनी येणार. तपासणीवाले उद्याच. सही नाही तर विभाग बंद आणि सगळे घरी.

दुपारपर्यंत विभागात कुजबुज पसरली की म्हातारा सुनेला घरी बसवायला निमित्त शोधतोय. पसरवण्यात माझाही हात होता, खोटं कशाला बोलू. शेवटी सूनच त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, सही करा. मी वाकणार नाही तिथे."

"वाकतेस. डबा अडकला की तुला राहवत नाही. आठ दिवस बघतोय मी."

"मग घरी बसू? यांची औषधं काय तुमचा हट्ट आणणार आहे?"

 त्याने हातातलं फडकं पिळून बाजूला टाकलं. मग साहेबांच्या खोलीत जाऊन त्याने सही केली आणि म्हणाला, आजपासून फटीत मी उभा राहणार. साहेब हसले, वयाचा विचार करा म्हणाले.

"बनवणारा मी ना? मग तिथे मीच."

तपासणीवाले आले. त्यांनी कागद चाळले, बटण दाबून पाहिलं. सगळं थांबलं. फटीत तेव्हा कोणी नव्हतं.

याला आज एकोणीस दिवस झाले. सुनेला समोरच लेबलं चिकटवायला बसवलंय. ती वाकून पुन्हा उभी राहायची तेवढ्या वेळात सासऱ्याचा एक गुडघाही दुमडत नाही. डबा अडकला की विभागातल्या गप्पा थांबतात, माझ्यासुद्धा. सुनेचा हात आपसूक लाल बटणाकडे जातो, आणि मग ती तो घाईने मागे घेऊन पदराखाली दाबून धरते. दाबलं तर तो लोखंडी हात फिरणार, आणि मामंजी अजून वाकलेलेच असतात.